आमचा फोटो काढता का?

सहल कशी काढतात हे शिट्टीबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. उभा जन्म मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवण्यात गेलेला. दरवर्षी बसभर मुली घेऊन त्यांनी डोंगर, धरणं, प्राणिसंग्रहालयं पालथी घातली होती आणि एक पोरगी कधी हरवली नव्हती. रांग, रांगेत जोड्या, पुढे एक बाई, मागे एक बाई, आणि गळ्यात शिट्टी. त्यामुळे त्या शनिवारी सकाळी भाषाशाळेच्या दारात जो सावळागोंधळ चालला होता, तो बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रांगेचा पत्ता नव्हता. शहरात नव्याने आलेले, इंग्रजीच्या पहिल्या वर्गात बसलेले सगळे बाप्ये आणि बाया फुटपाथवर घोळका करून उभे होते. शिकवणारी तरुण बाई पिवळा रेनकोट घालून उशिरा धावत आली, घोळक्याकडे एकदा बघितलं न बघितलं आणि म्हणाली, "व्वा! सगळे आले!"

ती प्रत्येक गोष्टीला तिच्या भाषेत 'व्वा' म्हणायची. म्हणून पोस्टमास्तरांनी, म्हणजे शिट्टीबाईंच्या यजमानांनी, पहिल्याच दिवशी तिचं नाव व्वाबाई ठेवलं होतं. "हिला आजी गेल्याचं सांगितलं तरी ही आधी व्वा म्हणेल," असं त्यांचं मत होतं.

"सगळे आले म्हणजे कोण सगळे?" शिट्टीबाई फणकारल्या. "हिने मोजलं का एकाला तरी?"

"अगं, मोठी माणसं आहेत ही. हरवायला काय बालवाडी आहे?"

पोस्टमास्तर स्वतः अगदी खुशीत होते. कडक इस्त्रीचा शर्ट, लेकाने घेतलेली नवी टोपी. निवृत्तीनंतर या माणसाला इथे जणू नवी नोकरीच लागली होती. दुकानांच्या पाट्यांवरच्या निरनिराळ्या लिपी बघत ते तासन्‌तास हिंडायचे. बाईंना मात्र या गावाचा उबग आला होता. लेकाने 'थोडे दिवस चला' म्हणून आणलं, आणि आल्यावर गुपचूप दोघांची नावं वर्गात घातली. परत जायचा विषय काढला की सून चहा ठेवायला उठायची. फसवणूकच ती, दुसरं काय! पण हे बरोबर आहेत तोवर कुठेही दिवस काढू, एवढं बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. यांच्याशिवाय मात्र एक दिवस नाही.

घोळका निघाला आणि सवयीप्रमाणे बाई सगळ्यांच्या मागे राहिल्या. लोक माणसाला तोंडावरून ओळखतात, बाई चालीवरून ओळखायच्या. मैदानाच्या दुसऱ्या टोकाची पोरगी तोंडावरून कुठली ओळखू येणार? तेव्हा पुढची पाठमोरी माणसं त्यांनी लगेच ओळखून ठेवली. लाल मफलरवाला शिंपी डावीकडे झुकून चालायचा, जन्मभर खांद्यावर कापडाचे तागे वाहिल्यासारखा. निळ्या रुमालाची नर्स चवड्यांवर चालायची, आजूबाजूला पेशंट झोपले असल्यासारखी. आणि पोस्टमास्तरांचा उजवा पाय बाहेर वळायचा, फरशीला घासायचा. स्कूटरवरून पडल्यापासूनचं दुखणं ते.

पाय घासत चालणारं माणूस बाईंना अजिबात खपत नसे. "पाय उचला! भाड्याने आणलेत का?" असं त्या मैदानभर ओरडायच्या. सगळ्या जगात त्यांनी या एकाच पायाला माफी दिली होती. जिन्यात तो घासल्याचा आवाज आला की हे घरी आले, असं इतकी वर्षं चाललं होतं. त्यांची स्वतःची चाल म्हणजे टाच आधी, पाठ ताठ. "आली कवायत," पोस्टमास्तर म्हणायचे. जेवायला बोलवायला बाईंनी शिट्टी फुंकली की ते जिथे असतील तिथे सावधान उभे राहून उलट्या हाताने सलाम ठोकायचे. एवढ्या वयातही.

पहिला मुक्काम घड्याळाच्या मनोऱ्यापाशी पडला. व्वाबाईने आजचा अभ्यास समजावून सांगितला. प्रत्येकाने एकेका ठिकाणी अनोळखी वाटसरूला थांबवायचं, शाळेचा कॅमेरा त्याच्या हाती द्यायचा आणि इंग्रजीत विचारायचं, आमचा फोटो काढता का?

"एकदा विचारलंत की तुम्ही इथले झालात," ती हसून म्हणाली. "या शहरात कुणी परकं राहत नाही."

पहिली पाळी शिंप्याची होती. त्याने चाचरत राखाडी कोटवाल्या एका गृहस्थाला थांबवलं. घोळका हसतमुखाने उभा राहिला, खटका दाबला गेला, कॅमेरा परत आला. "व्वा!" पुढच्या रस्त्याला लागल्यावर बाईंनी सहज पुढे नजर टाकली. लाल मफलर सरळ चालला होता. दोन्ही खांदे एका रेषेत होते. अंग मोकळं झालं असेल बिचाऱ्याचं, असं त्यांना वाटलं. चौकाच्या पलीकडे राखाडी कोट गर्दीत शिरत होता, डावीकडे झुकून.

ती झुकलेली पाठ बाईंना खुपली, पण तेवढ्यात बाजार आला.

बाजार छताखाली होता. मसाल्यांचा, मासळीचा, कातड्याचा आणि साबणाचा वास एकमेकांत मिसळला होता आणि दर दुकानातून वेगळी बोली कानावर येत होती. पाळी नर्सची होती. तिने भाजीची जड पिशवी घेतलेल्या एका बाईला विचारलं. या खेपेला शिट्टीबाईंनी डोळ्यांत तेल घालून पाहायचं ठरवलं होतं. पण नेमकी मधून एक हातगाडी गेली, आणि गाडी गेली तेव्हा कॅमेरा परत आलेला होता.

निळा रुमाल पुढे चालू लागला. धप धप, टाचा आपटत.

बाईंनी पुढे होऊन तिच्या तोंडाकडे पाहिलं. सकाळी हिच्या हनुवटीवर तीळ होता, आता नव्हता. नाकही दुसरं. "तू कोण?" बाईंनी त्यांच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं. त्या बाईला नवल वाटलं. तितक्याच मोडक्या इंग्रजीत तिने, मी नर्स, माझी मुलगी आईकडे ठेवून आलेय, असं सांगितलं. सकाळी दारात उभं असताना नर्सने सांगितलेलं तेच, त्याच शब्दांत. सांगताना तिच्या डोळ्यांत खरं पाणी आलं.

गल्लीच्या तोंडाशी भाजीची पिशवी घेतलेली एक बाई वळत होती. चवड्यांवर, हलकेच.

बाईंचा पारा चढला. त्या तडक व्वाबाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि इंग्रजी कमी पडतंय म्हटल्यावर सरळ मराठीत कडाडल्या, "अहो, सांगा हिला! माणसं बदलताहेत हिची! सहलीला नेलेलं माणूस म्हणजे काय छत्री आहे, ही नाही तर ती?"

पोस्टमास्तर ओशाळले. त्यांनी व्वाबाईला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. त्यातला 'दमली आहे' एवढा भाग बाईंना कळला. व्वाबाईने घोळक्यावरून नजर फिरवली. "सगळे आहेत की! व्वा!"

"दमलेय होय मी?" बाई नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्हाला डोळे दिलेत देवाने ते कशाला?"

"अगं, तीच नर्स आहे ती. तोंड बघून बोलतोय मी. तू पाय बघत बसतेस."

नदीवरच्या पुलावर पोचल्यावर व्वाबाईने कॅमेरा बाईंच्या पुढे धरला. बाईंनी हाताची घडी घातली.

"नाही विचारणार."

सगळे बघायला लागले. नदीवरून गार वारा येत होता. "चारचौघांत शोभा नको गं," पोस्टमास्तर पुटपुटले. "तुझी पाळी राहू दे, माझी मी उरकतो."

"अहो, नका विचारू. माझं ऐका."

"फोटोच तर काढायचाय!"

बाईंनी त्यांची बाही धरली. त्यांनी हसत हसत बोटं सोडवली, कॅमेरा घेतला आणि कठड्याला टेकलेल्या तपकिरी जाकिटातल्या माणसापाशी गेले. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं. माणसाने मान डोलावली.

बाई त्यांना खेटून उभ्या राहिल्या. दंड घट्ट धरून ठेवला.

खटका वाजला. पाण्यावरून ऊन परतून डोळ्यांवर आलं आणि बाईंची पापणी लवली.

हातात दंड होता, शर्टही तोच, कडक इस्त्रीचा. वर टोपी होती आणि टोपीखाली दुसराच माणूस होता.

तपकिरी जाकीट पुलाच्या दुसऱ्या टोकाकडे निघालं होतं. उजवा पाय बाहेर वळत होता, फरशीला घासत होता.

बाईंनी पर्समधून शिट्टी काढली आणि छातीत होतं नव्हतं तेवढं वारं फुंकलं. पूल थबकला. सायकलीसुद्धा थांबल्या. तपकिरी जाकीट मात्र वळलं नाही.

शेजारचा माणूस सावधान उभा राहिला आणि त्याने उलट्या हाताने सलाम ठोकला. "काय गं," तो म्हणाला, "इथेही?"

*

घरी कुणाला काही वाटलं नाही, याचा बाईंना सगळ्यात जास्त संताप आला. पोटचा मुलगा! ज्याच्या खांद्यावर बसून लहानाचा मोठा झाला त्या बापाला ओळखू नये? "बाबा समोर बसलेत आई, आणि तू काय बोलतेस!" तो म्हणाला. सुनेने डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर म्हणाले, नव्या जागी होतं असं या वयात.

त्या माणसाला सगळं माहीत होतं. बाईंना चहा किती गोड लागतो, लेकाला लहानपणी कशाची भीती वाटायची, बदलीच्या गावी कोणत्या खिडकीतून विंचू आला होता. फक्त पाय घासत नव्हता. जिन्यातून वर यायचा तो आवाज न करता, आणि एकदम दारात दिसला की बाई आधी त्याच्या पायांकडे बघायच्या. शाळेच्या फळ्यावर पुलावरचा फोटो लावला होता. त्यात त्यांचे पोस्टमास्तर होते, उजवा पाय बाहेर वळलेला. बाईंनी त्या माणसाला फळ्यापुढे उभं करून फोटोवर बोट ठेवलं. त्याने बराच वेळ पाहिलं.

"मीच आहे गं हा," तो म्हणाला. मग तो बाईंकडे वळला. "मी तो नाही, तर मग मी कोण, तेवढं तरी सांग."

बाईंना त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

खरे पोस्टमास्तर त्यांना पुलावरच सापडले. तपकिरी जाकीट घालून दुपारचे बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेले. बाई समोर जाऊन "अहो" म्हणाल्या. त्यांनी पेपरची घडी घातली आणि अस्खलित इंग्रजीत दिलगिरी व्यक्त केली. तुमची भाषा मला येत नाही, तुम्ही रस्ता चुकलात का, अशा अर्थाचं ते बोलले. फार अदबीने.

"लाज नाही वाटत?" बाई ओरडल्या. "लग्नाची बायको समोर उभी आहे!"

त्यांनी सरकून बाईंना बसायला जागा करून दिली.

बाई बसल्या, आणि बसल्या बसल्या त्यांचं डोकं चालू लागलं. विचारणारा जातो आणि फोटो काढणारा त्याच्या जागी येतो. मग घरातल्या माणसाने या माणसाला विचारलं तर? सरळ हिशेब होता. घरी जाऊन त्यांनी त्या माणसाला सांगितलं, पुढच्या शनिवारी मी दाखवीन त्याच्या हातात कॅमेरा द्यायचा. तो थोडा वेळ टोपी हातात फिरवत बसला.

"तुझं समाधान होणार असेल तर विचारतो," तो म्हणाला. "पण मला त्या पुलावर कसंतरीच होतं गं."

शनिवारी तपकिरी जाकीट बाकावर होतं. सगळं जुळून आलं होतं आणि व्वाबाईने घोटाळा केला. कॅमेरा ती त्या माणसाच्या हातात देईना. तिच्या लेखी पोस्टमास्तरांची पाळी झालेली होती. राहिली होती ती बाईंची. आधी तुम्ही विचारा, मग कॅमेरा पुन्हा पोस्टमास्तरांना खुशाल द्या, पण नियम सगळ्यांना सारखा, असं ती म्हणाली.

नियम! जिला रांग लावता येत नाही, ती आता शिट्टीबाईंना नियम शिकवणार होती! पण भांडत बसलं तर बाकावरचा माणूस उठून जाईल, हेही बाईंना दिसत होतं. त्यांनी विचार केला. कॅमेरा हातातून सुटतो तेव्हाच सगळा घोळ होतो. तर तो सोडायचाच नाही. त्यांनी लांब पट्टा स्वतःच्या गळ्यात घातला आणि मुठीत आवळला. आपण फोटोत नसलो तर नसलो.

जवळपास एकच बाई होती. पांढऱ्या केसांची, कठड्याच्या आधाराने सपाता घासत येणारी. तो आवाज ऐकून बाईंच्या अंगावर काटा आला. पाय उचल की गं, असं अगदी ओठावर आलं होतं. पण वेळ नव्हता. त्यांनी घोकलेलं वाक्य म्हटलं. म्हातारी हसली. पट्टा सोडत नाही म्हटल्यावर ती बाईंच्या गालाला गाल लावून वाकली आणि कॅमेऱ्यात बघू लागली. तिचा गाल गार होता.

खटका वाजला.

काही झालं नाही.

पट्टा मुठीतच होता. बाईंनी स्वतःचे हात पाहिले, पर्स चाचपली, आत शिट्टी होती. नवऱ्याचं नाव, लेकाचं नाव, शाळेचं मैदान, सगळं आठवून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. कशी जिरवली, असं वाटून त्यांना हसूच फुटलं. पुलावरून एक बाई लांब निघाली होती, टाच आधी टेकवत, पाठ ताठ. अशी चाल हल्ली बघायला मिळत नाही, असं त्यांच्या मनात आलं.

मग त्यांनी कॅमेरा त्या माणसाच्या हातात दिला. तो बाईंकडे बघून कसनुसं हसला आणि बाकाकडे गेला.

खटका वाजला.

तपकिरी जाकीट कठड्याच्या बाजूने सरळ पावलं टाकत निघून गेलं. टोपीखाली पोस्टमास्तर उभे होते. त्यांचेच डोळे, त्यांचंच नाक. उजवा पाय घासत ते घोळक्यात आले.

बाईंना रडू आवरेना. "कुठे होतात?" त्या रागाने म्हणाल्या. "काही सांगून जायची पद्धत?"

पोस्टमास्तर चालू लागले. घरापर्यंत बाईंनी त्यांचा हात धरला होता आणि ते सगळा रस्ता खाली बघत चालले होते.

घरात दोघंच होते. पोस्टमास्तर बैठकीत खुर्चीवर टेकले. बाईंनी आत जाऊन पाण्याचा पेला भरला, आणि बाहेर येता येता तो आवाज ऐकला. फरशीवर पाय घासल्याचा. इतक्या दिवसांनी! त्यांचा जीव सुखावला.

पण पोस्टमास्तर खुर्चीवरच बसून होते. त्यांचे दोन्ही पाय एकाशेजारी एक, जागेवर होते.

"कोण ते पाय घासत चालतंय?" बाई करवादल्या, आणि थांबल्या.

आवाजही थांबला.

त्या एक पाऊल पुढे आल्या. मग आणखी एक. पेल्यातलं पाणी हिंदकळलं.

"अहो, असे काय बघताय?" त्यांचा आवाज चढला. "मीच आहे ना! दुसरी कोण असणार?"

पोस्टमास्तरांनी त्यांच्या पायांवरची नजर हळूहळू वर आणली. मग ते उठले आणि टोपी डोक्यावर ठेवली. लग्न झाल्या दिवसापासून त्यांनी बायकोला अगं-तुगं केलं होतं.

"तुम्ही बसा," ते अदबीने म्हणाले. "मी जरा पुलावर जाऊन येतो."